सुईची भीती की चिठ्ठीची?

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एका मॅडमचा प्रश्न आहे: “सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचं पथक शाळेत येणार होतं, त्या दिवशी निम्मा वर्ग गैरहजर. कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, पोडावरची तर एकही मुलगी आली नाही. पालक म्हणतात, रक्त काढलं की पोरं अशक्त होतात, अन् नाव निघालं तर लग्न होत नाही. मी रक्ताचे घटक शिकवले, रक्ताभिसरण शिकवलं, मुलं परीक्षेत बरोबर लिहितात. तरी विज्ञानाची ही भीती जात का नाही? शाळेनं करायचं तरी काय?”

मॅडम, पालकांनी दोन गोष्टी एका दमात सांगितल्या म्हणून आपण ती एकच भीती धरून चालतो. रक्त गेल्यानं अशक्तपणा येईल, ही एक. नाव निघालं तर लग्न मोडेल, ही दुसरी. पहिली चुकीची आहे आणि एका तासिकेत जाते. दुसरी बरोबर आहे. तसं घडतं, तुमच्या-माझ्या ओळखीच्या घरांत घडतं, आणि पुस्तकातला कुठलाच धडा त्यावर उपाय नाही. माझी नोकरी याच भागात विज्ञान शिकवण्यात आणि पुढे शिक्षकांच्या प्रशिक्षणात गेली. खुद्द विज्ञानाला घाबरणारी माणसं मला फार कमी भेटली. लोक घाबरतात ते विज्ञान घेऊन गाडीतून उतरणाऱ्या साहेबाला, नाहीतर तो जाताना ठेवून जातो त्या निकालाच्या चिठ्ठीला. तेव्हा समजावून सांगण्याच्या आधी, कोण कशाला घाबरतंय ते घरोघरी विचारून घ्या. पालक सभेत विचारू नका, तिथं सगळे मान डोलावतात.

सोपं आधी संपवू. तीस किलोच्या मुलाच्या अंगात साधारण दोन लिटर रक्त असतं. दोन लिटरची बाटली घ्या, पाण्यात थोडा लाल रंग घाला. खोकल्याच्या औषधाच्या मापात पाच मिलिलिटरची खूण असते. ड्रॉपरनं थेंब टाकत ते मुलांनाच भरायला सांगा. शंभरेक थेंब बसतात. मग फळ्यावर गणित: दोन लिटरमध्ये किती? चाळीस हजार. आता त्या बाटलीतला एक थेंब काढून टाका आणि विचारा, किती कमी झालं? हीच बाटली संध्याकाळी पोडावर घेऊन जा आणि थेंब मुलांच्याच हातानं मोजू द्या. “येवढंच काढते का हो मॅडम?” असं कोणीतरी म्हणतंच. पण पुढच्या तपासणीसाठी शिरेतून दोन मिलिलिटर लागणार असेल तर तेही त्याच बैठकीत सांगा, म्हणजे चाळीस थेंब. एक थेंब सांगून नंतर नळी भरून घेतली की तुमची बाटली खोटी ठरते.

आता चाचणी. पथकाला विनंती करा की शिबिराच्या आधी एकदा गावात येऊन ती सगळ्यांसमोर करून दाखवा, आणि बोट पहिल्यांदा शिक्षकाचं, सरपंचाचं, पोलीस पाटलाचं टोचा. विद्राव्यता चाचणी दिसायला साधी असते. नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा, काही मिनिटं थांबायचं आणि नळीमागे रेषा मारलेला कागद धरायचा. रेषा दिसल्या तर साधं रक्त. द्रावण गढूळ होऊन रेषा लपल्या तर त्या रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. प्राणवायू काढून घेतला की ते विरघळत नाही, म्हणून गढूळपणा येतो. रेषा दिसते की नाही हे सही न येणाऱ्या आजीलाही सांगता येतं. साहेब सांगेल ते ऐकून घेणं आणि आपण आपल्या डोळ्यांनी वाचणं यात जो फरक आहे, त्यावरच माझा सगळा भर आहे. तपासायची मुभा मिळाली की माणूस कमी घाबरतो.

गढूळ नळी एक गोष्ट सांगू शकत नाही: मूल नुसतं वाहक आहे, म्हणजे स्वतः आजारी नाही पण पुढच्या पिढीला देऊ शकतं, की रुग्ण. त्याला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली चाचणी लागते. मधल्या दिवसांत गावभर ‘अमक्याच्या पोरीले सिकलसेल निघाला’ होऊन जातं आणि नंतर ती नुसती वाहक असल्याचा कागद आला तरी तो कोणी वाचत नाही. हे शिबिराच्या आधी सांगितलं तरच उपयोग.

लग्नाच्या भीतीला हात घालायचा तर अनुवंश शिकवायला हवा, आणि तो दाण्यांनी शिकवा. दोन पिशव्या घ्या, एक आईची, एक बापाची. दोन्ही वाहक असतील तर प्रत्येक पिशवीत अर्धे ज्वारीचे आणि अर्धे तुरीचे दाणे. न बघता दोन्ही पिशव्यांतून एकेक दाणा काढायचा, ते झालं बाळ. दोन्ही तुरीचे आले तर रुग्ण, एक-एक आला तर वाहक, दोन्ही ज्वारीचे आले तर साधं. दाणे परत पिशवीत टाकायचे आणि पुन्हा काढायचे. शंभर वेळा करून घ्या. तुरीची जोडी पंचवीसच्या आसपास येईल. एखाद्या गटाला एकोणीस येतील, एखाद्याला तीस, आणि तिथंच खरा तास सुरू होतो. ‘चारात एक’ याचा अर्थ आपल्याकडे चार लेकरांत एक आजारी असा घेतला जातो. पहिलं आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुरक्षित, असं मानून चालणारी कुटुंबं आहेत. दाणा परत पिशवीत गेला की ही समजूत मोडते, कारण दर वेळी पिशवी तशीच भरलेली असते.

मग एका पिशवीत फक्त ज्वारी ठेवा. कितीही वेळा काढा, तुरीची जोडी येत नाही. आया विचारतात, “मंग पोरीचं लगन कराच नाई का?” त्याचं उत्तर या दुसऱ्या पिशवीत आहे. वाहक मुलीचं लग्न साध्या मुलाशी झालं तर एकही मूल रुग्ण होत नाही. काही वाहक होतील, आणि वाहकाचं जगणं सर्वसाधारणपणे इतरांसारखंच असतं. टाळायची असते ती वाहक-वाहक जोडी, आणि ती टाळायची तर मुलाचीही तपासणी लागते. इथं मी हट्टी आहे. आपल्याकडे चिठ्ठी मागतात ती मुलीची. शाळेत तपासणी करायची तर पोरं-पोरी एका रांगेत, एकाच दिवशी. पोरांना ‘नंतर बघू’ म्हणणारं शिबिर घेऊ नका.

आणखी एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. ज्याच्या रक्तात हा तुरीचा एकच दाणा आहे त्याला घातक मलेरियापासून काही अंशी संरक्षण मिळतं. म्हणूनच जिथं पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, त्या जंगलपट्ट्यांत हा दाणा टिकला. म्हणजे हे कोणाचं पाप नाही की कुळाचा दोष नाही. आजोबा-पणजोबा तापातून वाचले त्याची ती खूण आहे. पोडावर हे सांगितलं की बसलेल्यांच्या माना वर होतात. पण पुढचंही लपवू नका. ज्याच्यात दोन दाणे आले त्याच्या तांबड्या पेशी १२० दिवसांऐवजी दहा-वीस दिवसच जगतात, हाडं-सांधे भयंकर दुखतात. हायड्रॉक्सीयुरिया सारखी गोळी नियमित घेतली, पाणी भरपूर प्यायलं, थंडीपासून जपलं, तर त्रास बराच कमी होतो. केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम जुलै २०२३ पासून सुरू आहे. तपासणीची सोय वाढली आहे, तिचा फायदा घ्या.

आता पथकाबद्दल. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी शोधग्रामला दवाखाना उभारला तेव्हा त्याला आदिवासींच्या देवीचं, मा दंतेश्वरीचं नाव दिलं आणि रचना पाड्यासारखी, झोपड्यांची केली. पेशंटबरोबर घरची माणसं राहू शकतात. औषधं तीच जी कुठल्याही दवाखान्यात मिळतात. याच भागात गावातल्या बायकांना प्रशिक्षण देऊन त्यांनी आरोग्यदूत केलं, आणि नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. गावच्या बाईनं, गावच्या बोलीत, घरात बसून दिलेली सुई लोकांनी घेतली. तुमच्या पोडावर कोलामी बोलणारी एखादी आशाताई किंवा दहावी झालेली मुलगी असेलच. तिला दाण्यांचा खेळ आधी शिकवा. तिनं सांगितलेलं आणि तुम्ही सांगितलेलं, यात तुमचं दुय्यम राहू द्या.

लोकांचा अविश्वास ऐकून घ्यायलाही शिकावं लागतं. ३१ जानेवारी २०२१ ला आपल्याच जिल्ह्यात पोलिओच्या डोसाऐवजी बारा लहान मुलांना हातावर लावायचं सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं वाचली. पण त्यानंतर एखाद्या आईनं बाटलीवरचं लेबल दाखवा म्हटलं तर ती अडाणी आहे का? ती तर आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त वैज्ञानिक वागतेय. शाळेनं हेच शिकवायचं: बूथवर गेल्यावर बाटली बघायला मागा. पोलिओच्या कुपीवर एक वर्तुळ असतं आणि त्यात चौकोन. चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असेल तर लस चांगली. रंग सारखा झाला किंवा जास्त गडद झाला तर लस उष्णतेनं खराब झालेली. हे सहावीतला मुलगाही तपासू शकतो. याच लसीनं देश पोलिओमुक्त झाला, १३ जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक विषाणूचा रुग्ण सापडला नाही, हेही सांगा. पण बाटली तपासायला शिकवल्यानंतर सांगा. ज्यानं स्वतः बाटली बघितली आहे त्याला ते पटतं.

दुसऱ्या टोकाचीही गोष्ट आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. तिथं भीती जास्त नव्हती, फार कमी होती. कपाशी डोक्याइतकी वाढलेली, वर फवारा, अंगात सुती बनियन, एका टाकीत दोन-तीन औषधं मिसळलेली. आपल्याकडे त्याला ‘औषध’ म्हणतात, म्हणून हात आत घालून ढवळतात. तेव्हा शाळेनं भीती काढायचीच असते असं नाही. कुठं किती घाबरायचं हे शिकवायचं असतं. डब्यावरचा चौकोन मुलांना ओळखता आला पाहिजे: लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाच्या डब्यावर लाल असायचा. रिकामे डबे शाळेत मागवू नका, ते वेगळंच संकट. घरी लांबून बघून रंग वहीत लिहून आणायला सांगा. बाप पोराचं ऐकत नाही हे खरं, पण पोरगं वहीत लाल रंग भरून आलं की बाप विचारतो, काय लिवलं हे?

त्याच वर्षी बीटी कपाशीवर, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार होतं त्या कपाशीवर, गुलाबी बोंडअळीनं विदर्भात कहर केला. २००२ मध्ये बीटी आली तेव्हा शेतकऱ्यानं विज्ञानाला घाबरून ती नाकारली नव्हती, उलट धावत जाऊन घेतली. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीसोबत १२० ग्रॅम नॉन-बीटीचं वेगळं पाकीट यायचं. ते बांधाकडेनं लावायचं होतं. ते का, हे कोणी धड सांगितलं नाही आणि बहुतेकांनी फेकून दिलं. कारण मात्र आपल्या दाण्यांच्या पिशवीतच आहे. बीटी खाऊनही जगणारी एखादी अळी असतेच. ती नॉन-बीटीवर वाढलेल्या साध्या पतंगाशी जुळली तर पिल्लांत एक-एक दाणा येतो, आणि अशी पिल्लं बीटीवर बहुतेक मरतात. साधे पतंगच नसतील तर चिवट-चिवट जुळतात आणि पुढची सगळी पिढी चिवट. आठवीतल्या मुलांना सिकलसेलचा खेळ आला की हे पाच मिनिटांत कळतं. शेतकऱ्याला ते पाकीट हातात देताना एवढंच सांगितलं असतं तर ते उकिरड्यावर गेलं नसतं. ‘आता बोंडअळी येणारच नाही’ असं सांगून विकलेल्या बियाण्यानं लोकांचा विज्ञानावरचा जेवढा विश्वास घालवला, तेवढा कुठल्या मांत्रिकानं घालवला नसेल.

मांत्रिकावरून आठवलं. साप चावला की आधी भगताकडे का नेतात, याला आपण अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतो. पण भगताकडे नेलेले बरेच लोक खरंच वाचतात, गावानं ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं. ते का वाचतात हे वर्गात काढून घ्या. आपल्या शेतशिवारात चावणारे बरेच साप धामण, दिवड, कवड्या असे बिनविषारी. जीव घेणारे मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. आणि विषारी सापही कधी कधी विष न सोडता चावतो. वीस चिठ्ठ्या करा, चारांवर लाल खूण, म्हणजे विष चढलेलं. एक मुलगा भगत, बाकी रोगी. भगतानं मंत्र म्हणून सतराचा पाढा म्हणायचा. मग चिठ्ठ्या उघडा: सोळा वाचले! पुढच्या फेरीत भगताला नुसतं गप्प बसवा. पुन्हा सोळा. चिठ्ठ्यांचं प्रमाण आपण धरलेलं आहे, गावोगावी ते बदलेल, हेही मुलांना सांगा. पण तुलना केल्याशिवाय गुण कशाचा हे कळत नाही, ही गोष्ट मुलं विसरत नाहीत. वर भगताला खोटारडा म्हणायचीही गरज पडत नाही. तो बिचारा स्वतःही मानत असतो. जमलं तर त्यालाच सांगा, मंत्र म्हण पण गाडीत बसून, दवाखान्याच्या वाटेवर.

दवाखान्यात काय होतं तेही आधी माहीत असावं. रक्त स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. मग नळी तिरपी करतात. रक्त गोठलं नसेल तर घोणस-फुरशाचं विष चढलंय असं समजतात. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना वाटतं डॉक्टर काहीच करत नाही, आणि ते पेशंट उचलून नेतात. ही वीस मिनिटं शाळेत शिकवून ठेवली तर जीव वाचतो. प्रतिसर्पविष, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, घोड्याच्या रक्तापासून बनतं, त्यानं कधी अंगावर गांधी येतात, दम लागतो, रक्तदाब उतरतो. म्हणून ते दवाखान्यातच, रिॲक्शनवरचं इंजेक्शन हाताशी ठेवून देतात. धोका लपवू नका. लपवलेला धोका एकदा दिसला की पुढचा पेशंट परत भगताकडे. मण्यारीचा दंश तर रात्री जमिनीवर झोपलेल्याला कळतही नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात. “पापण्या उचलत नाई” ही खूण प्रत्येक पोराला पाठ असावी.

ग्रहण, मोबाईल टॉवर वगैरेवर फार वेळ घालवू नये असं माझं मत आहे. २ ऑगस्ट २०२७ ला दुपारनंतर आपल्याकडून खंडग्रास सूर्यग्रहण आहे. ढग नसतील तर झाडाखाली पडणारे कवडसे बघा, सगळे एका बाजूनं चावा घेतल्यासारखे दिसतील, तेवढं पुरे. उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे मात्र कोणी बघायचं नाही. एप्रिल २०२२ मध्ये चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला आकाशातून तीन मीटर व्यासाची धातूची कडी पडली, तेव्हा पहिल्या रात्री लोक घाबरले आणि दुसऱ्या दिवशी बघायला झुंबड उडाली. अग्निबाणाचा तुकडा होता. हात लावता आला, लोकांनी लावला, विषय संपला. या भीतींमागे कोणाचं लग्न नाही, कोणाची बदनामी नाही, त्या लवकर जातात.

चमत्काराचे प्रयोगही जपून करा. लिंबातून रक्त काढून दाखवलं की टाळ्या पडतात आणि गुरुजी नवे बाबा होतात. सुरीला जास्वंदीची फुलं चोळायचं काम मुलांच्याच हातात द्या, लिंबू त्यांनाच कापू द्या, मग चिंचेवर, दह्यावर, साबणाच्या पाण्यावर काय होतं ते त्यांनाच शोधू द्या. गाडगेबाबा याच अमरावतीकडचे, शेंडगावचे. त्यांचं कीर्तन म्हणजे समोरच्यांना एकामागून एक प्रश्न, आणि उत्तर लोकांच्याच तोंडून. आपल्याकडे ही रीत आहेच, बाहेरून आणायची गरज नाही.

आता तुमच्या शिबिराचं. पुढची तारीख सोमवार-मंगळवारची घ्या, बाजाराच्या दिवशी नको. कापूस वेचणीच्या भरातही नको, पालक येत नाहीत. आदल्या आठवड्यात बाटली, दाणे आणि नळीचं प्रात्यक्षिक पोडावर करून घ्या. निकाल परिपाठात वाचायचा नाही. बंद पाकिटात, आई आणि बाप दोघांना बसवून, उपकेंद्राच्या सिस्टरनं द्यायचा, आणि निकाल साधा असला तरी तसाच द्यायचा, म्हणजे पाकीट कोणाला मिळालं यावरून गावाला अंदाज बांधता येणार नाही. नावांची यादी शाळेच्या किंवा गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाणार नाही, हे पथकाकडून लेखी घ्या. ते लेखी हातात आलं की पालकांना दाखवा आणि मगच तारीख कळवा.